निरोप्या कारभारी

फार जुन्या काळी, जेव्हा दोन राज्यांमधली हद्द नदीच सांभाळत असे, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका रुंद नदीच्या अलीकडे एक लहान राज्य होते आणि पलीकडे एक मोठे, जरा तापट राज्य होते. ही गोष्ट लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी थोडे जास्तच लक्ष देऊन ऐकावी. हिच्यात राक्षस नाही, चोर नाही. कुणी लाच खाल्लेली नाही आणि कुणी खोटेही बोललेले नाही. तरीसुद्धा जे घडायला नको होते ते घडले. मी ती कितीतरी वेळा सांगितली आहे, पण अजूनही सांगताना माझे मन मानत नाही.

या दोन राज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. कारणे विचाराल तर हसू येईल. नदीतल्या बेटावरचे गवत कुणी कापायचे, जाळे कुणी कुठे टाकायचे, कुणाची म्हैस पोहत कुणाच्या काठाला लागली. कारणे अशी, पण माणसे मात्र खरीच मरत होती. पलीकडचे लोक नावा भरून यायचे आणि गोठे पेटवून जायचे. मग अलीकडचे लोक नावा भरून तिकडे जायचे आणि तेच करायचे.

अलीकडच्या राजाच्या पदरी एक दूत होता. त्या राज्यात दूताला जो पहिला धडा मिळे तो असा: समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यायचे आणि मग तेच बोलणे त्याला म्हणून दाखवायचे. त्याच्यापेक्षा नीट म्हणायचे, त्याच्यापेक्षा गोड म्हणायचे. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" असे कबूल करीपर्यंत थांबायचे. मग हात जोडून सांगायचे, "आपलं म्हणणं पोचेल," आणि घोड्यावर बसून थेट आपल्या राजापुढे यायचे.

दुसरा धडा याहून कडक होता. दूताने स्वतःचे असे काही म्हणायचे नाही. होकार द्यायचा नाही, नकार द्यायचा नाही. ते राजाचे काम.

आमचा दूत या दोन्ही धड्यांत इतका तयार होता, की त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. एकदा पलीकडचा राजा संतापून उठला. समोरचे विड्याचे तबक त्याने लाथेने उडवले आणि तोंडाला येईल ते बोलला. दरबारातल्या लोकांना वाटले, आता या दूताची धडगत नाही. दूताने सांडलेली पाने उचलली, तबकात ठेवली आणि राजाचे सगळे बोलणे त्याला म्हणून दाखवले. अपमान कधी झाला, कुणी केला, तो मनाला का लागला, सगळे. ऐकता ऐकता राजा खाली बसला.

"माझा राग मलासुद्धा इतका नीट सांगता आला नसता," तो म्हणाला.

"आपलं म्हणणं पोचेल," दूत म्हणाला.

आणि ते पोचले. असे जाऊन येऊन, जाऊन येऊन, शेवटी दोन्ही राज्यांत तह झाला. तहाचे कलम साधे होते. दोन्ही काठांना एकेकच नाव असेल. नाव दुरुस्त करायच्या निमित्ताने पूर्वी दोघेही लढाईच्या नावा बांधत, म्हणून असे ठरले, की राज्याच्या धन्याचा शिक्का असलेला हुकूम पलीकडच्या चौकीला दाखवल्याशिवाय कुणीही नावेला हातोडा लावायचा नाही. एक खिळासुद्धा ठोकायचा नाही.

हे कलम दूताने सुचवले होते आणि ते चांगले होते, हे मी कबूल करतो. गोठे पेटायचे थांबले. पलीकडे मोठा बाजार भरायचा, तिकडे इकडची माणसे जाऊ लागली. बायका दूतावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या.

पुढे राजा म्हातारा झाला आणि वारला. त्याला मूलबाळ नव्हते. जाण्याआधी त्याने सांगून ठेवले होते, "माझ्यामागे गादीवर कुणी राजा बसू नये. गावांनी आपल्यातला एक कारभारी निवडावा. शिक्का त्याचा, हुकूम त्याचा. त्याच्यावर कुणी नाही." निवडीची रीतही तोच सांगून गेला. ज्या गावाला जो माणूस हवा, त्याच्यापुढे त्या गावाने आपल्या शिवारातली ओंजळभर माती आणून ठेवायची.

दोन माणसे पुढे आली. एक होता राज्याच्या धान्याच्या कोठाराचा प्रमुख. त्याला सगळे कोठारी म्हणत. माणूस कामाचा, पण जिभेला हाड नाही. दुसरा आपला दूत.

दोघेही गावोगाव फिरले. कोठारी म्हणायचा, "विहीर? यंदा होणार नाही. पुढच्या वर्षी खणू. रस्ता तर विसराच, डोंगर फोडायला माणसं कुठून आणू?" लोकांची तोंडे उतरायची. मग दूत यायचा. पारावर बसायचा, सगळ्यांचे ऐकायचा आणि म्हणून दाखवायचा: बायका उन्हात कशा लांबवर जातात, डोक्यावरचा हंडा कसा जड होतो, घरी तान्हे मूल कसे रडत असते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

"आमच्या मनातलं बोलला," लोक म्हणायचे.

त्याने एकाही गावाला विहीर देतो असे सांगितले नव्हते. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. कसे येणार? आपले दुःख इतक्या चांगल्या शब्दांत ऐकायला मिळाले, की ते निम्मे कमी झाल्यासारखे वाटते. दूतापुढे मातीचा ढीग उभा राहिला. कोठाऱ्यापुढे चार ओंजळी पडल्या, त्यातली एक त्याच्या सासुरवाडीची होती.

दूत कारभारी झाला. आता तो काय करू लागला ते ऐका.

रोज सकाळी तो कचेरीत येऊन बसे. गाऱ्हाणे घेऊन कुणीही आले, की उठून उभा राही, त्याला बसवी, गूळपाणी देई. पुरते ऐकून घेई. मग म्हणून दाखवी. समोरचा म्हणे, "हो, हेच." कारभारी हात जोडून म्हणे, "आपलं म्हणणं पोचेल." आलेला माणूस हलक्या पावलांनी घरी जाई. शेजारी शिक्का घेऊन बसलेला शिरस्तेदार वाट बघत राही, पण शिक्का मारायला त्याला कुणी सांगत नसे. शिरस्तेदाराला वाटे, कारभाऱ्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला सोपवले असेल. दुसऱ्यांना वाटे, शिरस्तेदाराला सोपवले असेल.

संध्याकाळी कारभारी राजाच्या जुन्या दालनात जाई. तिथे मेलेल्या राजाची गादी पांढरी चादर घालून ठेवलेली होती. तो तिथे बराच वेळ बसे आणि मग शांत चेहऱ्याने बाहेर येई. पहारेकऱ्यांना वाटे, कारभारी विचार करत असतील. केवढी जबाबदारी आहे त्यांच्यावर.

आता नदीकाठी चला. तिथे कुंभारांचे एक गाव होते. माती अलीकडच्या काठाची आणि बाजार पलीकडच्या काठाला, असा त्या गावाचा संसार होता. बाजाराच्या दिवशी मडकी, माठ, रांजण नावेत भरायचे आणि पलीकडे न्यायचे. दुसरी वाट नव्हती.

त्या गावात एक कुंभारीण राहायची. नवरा केव्हाच वारला होता. घरात ती आणि तिची एकुलती एक लेक. आई आवा लावायची, मडकी भाजायची, आणि लेक ती बाजारात विकायची. लेक मोठी बोलकी होती. भाव करण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि परत येताना ती पलीकडच्या गावच्या इतक्या गोष्टी घेऊन येई, की आईचा जेवणातला घास हातातच राही.

एके दिवशी लेक परत आली ती कमरेपर्यंत भिजून.

"नावेच्या बुडाची फळी कुजलीया, आये," ती म्हणाली. "नावाडी वल्हं सोडून पानीच उपसत हुता."

कुंभारणीने हातची माती धुतली नाही. तशीच नावाड्याला घेऊन ती राजधानीला निघाली.

कचेरीत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आवं कारभारी, नावेची फळी कुजलीया. गावात सुतार हाय, फळ्या बी रचून ठिवल्याती. पर तुमच्या हुकमाबिगर हातोडा लावता येत न्हाय. माझी येकच लेक हाय. दर बाजाराला ती त्या नावंत बसती आन्‌ ती परत येईस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. तेवढा शिक्का मारून द्या."

कारभारी पुढे झाला. त्याने तिला पाट दिला, पाणी दिले. आणि मग म्हणून दाखवले. "माई, तुमचं म्हणणं असं, की फळी कुजली आहे, लाकूड तयार आहे, सुतार तयार आहे, अडलंय ते फक्त शिक्क्यापाशी. बाजाराच्या दिवशी तुम्ही आव्यापाशी बसलेल्या असता, पण कान नदीकडे असतात. लेकीचा आवाज ऐकू आला की मगच तुम्ही पाणी पिता. असंच ना?"

कुंभारीण बघतच राहिली. बाजाराच्या दिवशी लेक येईपर्यंत ती पाणी पीत नाही, हे तिने कुणालाच सांगितले नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. "ह्येच."

"आपलं म्हणणं पोचेल."

वाटेने ती नावाड्याला म्हणाली, "मानूस गुनाचा हाय रं. आपल्यावानी लोकांचं कोन ऐकतंय इतकं?"

दिवस गेले. हुकूम आला नाही. नावाडी फटींत चिंध्या आणि राळ कोंबत राहिला. एकदा न राहवून त्याने हातोडा उचलला आणि एक खिळा ठोकला. पलीकडच्या चौकीवर ताबडतोब शिंग वाजले आणि एक बाण येऊन नावेच्या काठात घुसला. त्यांचेही चूक नव्हते. तहात तसेच लिहिले होते. त्यांचा दूत रागारागाने कारभाऱ्याकडे आला आणि त्याने तक्रार केली. कारभाऱ्याने तीही म्हणून दाखवली.

"आपलं म्हणणं पोचेल," तो म्हणाला, आणि पलीकडचा दूतही खूश होऊन गेला.

कुंभारीण पुन्हा राजधानीला गेली. या वेळी ती भांडायच्या तयारीनेच गेली होती. पदर खोचून ती कचेरीत शिरली आणि नमस्कारही न करता म्हणाली, "हुकूम कवा निघतोय?"

कारभाऱ्याने तिचा राग म्हणून दाखवला. एकदा सांगूनही काम होत नाही तेव्हा गरिबाला कसे वाटते, परतीची वाट येतानाच्या वाटेपेक्षा कशी लांब होते, पायरीवर बसून भाकरी खाताना कशी लाज वाटते. बोलताना त्याचा आवाज दाटून आला. तो सोंग करत नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. तिचे दुःख त्याला खरोखर कळत होते. म्हणून तर मला ही गोष्ट सांगवत नाही.

कुंभारणीचा पदर सैल झाला. तिला भांडताच येईना. बाहेर येऊन ती पायरीवर बसली, तेव्हा तिकडून कोठारी चालला होता. त्याने विचारले, "काय गं, काय काम काढलंस?"

तिने सांगितले.

"मग त्यानं हो म्हटलं का नाही म्हटलं?"

"पोचंल म्हनाले."

"मी हो-नाही विचारतोय."

"तसं काय बोलले न्हाईत. पर ऐकलं लई बेस."

कोठारी कपाळाला हात लावून उभा राहिला. "मी असतो तर शिक्का तरी दिला असता, नाहीतर तुला हाकलून तरी दिलं असतं."

"तुमी हाकलनारंच," कुंभारीण म्हणाली.

"हाकललं असतं तर तुला कळलं असतं की हुकूम येणार नाही. मग पोरीला त्या नावेत बसवलं असतंस का तू? आता तू घरी जाशील आणि आज येईल, उद्या येईल म्हणून बसवत राहशील."

कुंभारणीला त्याचे बोलणे आवडले नाही. तोंडाळ माणसाचे बोलणे कुणाला आवडते? तरी घरी जाऊन तिने लेकीला सांगितले, "या बाजाराला जाऊ नगंस."

"आये, कारभाऱ्यांनी येवढं सांगितलंय न्हवं?" लेक म्हणाली. "आज ना उद्या हुकूम येनारच की. आन्‌ ही मडकी घरात ठिवून काय करायची?"

आईला कारभाऱ्याचा दाटलेला आवाज आठवला. इतका कळवळा असलेला माणूस काम करणार नाही, असे तिला वाटेना. तिने स्वतःच्या हाताने नावेत रांजण चढवले.

तो वर्षातला सगळ्यात मोठा बाजार होता. नाव काठोकाठ भरली होती. कुंभारीण आव्यापाशी बसली होती आणि तिचे कान नदीकडे होते.

आधी लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग माणसांचा आला. मग तोही थांबला.

गाव काठाकडे धावले. तिथे जे दिसले ते त्या गावातल्या लोकांना पुढे मरेपर्यंत डोळ्यांपुढून घालवता आले नाही. नदीभर मडकी तरंगत होती. उताणी, उभी, एकमेकांवर हलकेच आपटत, सगळी मडकी धड होती. नाव नव्हती. पलीकडच्या चौकीवरच्या ज्या शिपायांनी बाण मारला होता, त्यांनीच अंगातले अंगरखे फेकून पाण्यात उड्या घेतल्या. जेवढे हाती लागले तेवढे त्यांनी ओढून काढले. काही जण रांजणांना मिठी मारून वाचले. नावाडी वाचला नाही. कुंभारणीची लेक वाचली नाही.

तिला काठावर आणून ठेवले, तेव्हा तिच्या कमरेला बाजाराची पिशवी तशीच बांधलेली होती. कुंभारणीने ती सोडली आणि शेजारणीच्या हातात दिली. ती रडली नाही. रडायचे असते हेच जणू तिला सुचले नाही.

बातमी राजधानीला गेली आणि कारभारी ताबडतोब आला. घोडा लांब सोडून, अनवाणी चालत आला. ज्यांचे ज्यांचे माणूस गेले होते, त्या प्रत्येकापाशी तो मातीत बसला. प्रत्येकाचे त्याने ऐकले आणि प्रत्येकाला त्याचे दुःख म्हणून दाखवले. कुणी विचारू नका, ते ऐकून लोकांना कसे वाटले. आधी त्यांना हुंदके फुटले. मग हळूहळू हुंदके थांबू लागले आणि लोक त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

शेवटी तो कुंभारणीपाशी आला.

ती म्हणाली, "कारभारी, म्या तुमास्नी सांगितलं हुतं का, फळी कुजलीया?"

कारभारी खाली मान घालून ऐकत होता.

"सुतार हुता. लाकूड हुतं. तुमचा शिक्का तेवढा पायजे हुता. म्या पुन्यांदा आले. तुमी ग्वाड बोलला, म्हनून मला वाटलं हुकूम येतोया. म्हनून म्या माझ्या हातानं पोरीला नावंत बसवली."

कारभाऱ्याने मान वर केली आणि आयुष्यभराच्या सवयीने तो बोलू लागला.

"माई, तुमचं म्हणणं असं, की तुम्ही वेळेवर सांगितलं होतं. काहीच कमी नव्हतं, फक्त शिक्का हवा होता. तो मिळाला नाही. मिळणार नाही असंही तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही लेकीला घरी ठेवलं असतं. ती नावेत बसली ती माझ्या गोड बोलण्यावर विसंबून. ती आज जिवंत असायला हवी होती." त्याचे डोळे वाहत होते. "असंच ना?"

"व्हय," कुंभारीण म्हणाली. "ह्येच."

कारभाऱ्याने हात जोडले.

"आपलं म्हणणं पोचेल."

जे बोलले गेले ते आपण नीट ऐकले ना, असे लोक एकमेकांकडे बघून डोळ्यांनीच विचारू लागले. शिरस्तेदार शिक्क्याची पेटी छातीशी धरून मागे उभा होता, त्याच्या हातातली पेटी खाली पडली.

कुंभारणीने शांतपणे विचारले, "कुनाला?"

कारभाऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. त्याने मान वळवून मागे बघितले, जसे दूत राजाच्या दिशेला बघतात तसे. मागे शिरस्तेदार होता आणि मोकळी वाट होती.

"मी रोज सांगत होतो," तो अडखळत म्हणाला. "रोज संध्याकाळी. गादीपुढे बसून सगळं सांगत होतो. तुमचंही सांगितलं होतं. एक शब्द गाळला नाही."

"गादीवर कोन हाय?"

"कुणी नाही."

"मग शिक्का कुनापाशी हाय?"

त्याने शिरस्तेदाराच्या पायाशी पडलेल्या पेटीकडे बघितले.

"गावानं ओंजळभर माती कुनाला दिली हुती, कारभारी?"

नदीतून एक मडके वाहत आले आणि काठाला लागून थांबले.

"मला," तो म्हणाला.

सगळी हयात दुसऱ्यांचे बोलणे बोलण्यात गेलेल्या त्या माणसाचे स्वतःचे असे हे पहिले उत्तर होते. ते देऊन झाल्यावर तो तिथेच मातीत बसला.

हुकूम त्याच क्षणी लिहिला गेला. शिरस्तेदाराने पेटी उचलली, शिक्का मारला आणि पलीकडच्या चौकीला हुकूम दाखवला. चौकीवाल्यांनी तो वाचलाही नाही, नुसती मान हलवली. सुताराने रचून ठेवलेल्या फळ्या काढल्या. गेलेल्यांचे सुतक फिटायच्या आत नवी नाव तयार होऊन काठाला लागली. एवढेच काम होते. बाळांनो, खरोखर एवढेच काम होते.

नाव पहिल्यांदा पाण्यात लोटली तेव्हा तिच्यात बसायला कुणी पुढे येईना. शेवटी पलीकडचे दोन शिपाई येऊन बसले आणि त्यांनी ती पलीकडे नेऊन परत आणून दाखवली. कुंभारीण ते बघायला आली नव्हती. त्यानंतर तिने आवा कधी पेटवला नाही.

सभा भरली. लोकांनी कुंभारणीला विचारले, "याला शिक्षा काय करायची?"

"मला त्याचं काय बी नगं," ती म्हणाली. "पर त्या जागी जो बसंल, त्यानं मानसाला पाटावरनं उठवायच्या आदी हो म्हनावं, न्हाईतर न्हाई म्हनावं. ग्वाड बोलला न्हाई तरी चालंल."

त्या राज्यात तीच रीत पडली. गावांनी आता मातीच्या ओंजळी कोठाऱ्यापुढे आणून ठेवल्या. त्याच्या कचेरीतून निम्मे लोक शिव्या देत बाहेर पडायचे, पण आपल्याला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे प्रत्येकाला घरी पोचण्याआधी ठाऊक असायचे.

आणि तो दूत? त्याला कुणी हाकलले नाही. तो आपण होऊन त्या कुंभारांच्या गावात येऊन राहिला. म्हातारा झाला. त्याची बोलायची रीत मात्र पार बदलली होती. कुणी काही विचारायला लागले, की ते वाक्य संपायच्या आत तो घाईघाईने "हो" किंवा "नाही" म्हणून टाकी. पाणी पिणार का, उन्हात बसता का, असले साधे काही विचारले तरी उत्तर द्यायला उशीर होईल की काय, या भीतीने तो हातातले तसेच टाकी. पोरे हसायची. कुंभारीण आपल्या अंगणातून ते ऐकायची आणि उठून घरात जायची.

म्हणून लक्षात ठेवा: ज्याच्या हाती हुकूम आहे, त्याने गाऱ्हाणे नुसते ऐकून ठेवले, तर ते कुणीच ऐकलेले नसते.